दाताच्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी करायला सांगितली आहे. करावी का?

शिलाई_शहापूर

नमस्कार. मी बेळगावात शहापूरला राहते, घरीच ब्लाऊज आणि ड्रेस शिवते. मिस्टर उद्यमबागेत फौंड्रीत आहेत, वय ४७. एक आठवडा सकाळची पाळी, एक दुपारची, एक रात्रीची असं त्यांचं चालू असतं.

महिन्यापूर्वी चणे खाताना त्यांच्या खालच्या दाढेचा टवका उडाला, म्हणून जवळच्या दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. मोठं हॉस्पिटल नाही, दोन खुर्च्यांचा दवाखाना आहे. त्यांनी दाढ बघितली आणि मग बाकीचे सगळे दात बघत बसले. मिस्टरांच्या हातात आरसा देऊन दाखवलं. सुळ्यांची टोकंच राहिलेली नाहीत, खालचे पुढचे दात पट्टी लावून कापल्यासारखे सपाट झालेत, आतला पिवळा भाग उघडा पडलाय. जीभ बाहेर काढायला लावली तर दोन्ही कडांना दातांचे ठसे, करंजीला मुरड घालतो ना, अगदी तशी कड. इतकी वर्षं समोर बसून जेवलो, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

दाढ भरताना तर मिस्टर झोपलेच. मशीन चालू, तोंड उघडं, आणि हे घोरायला लागले. डॉक्टरांनी हात थांबवला आणि मला आत बोलावून घेतलं. रात्री दात खातात का, घोरतात का, घोरता घोरता मध्येच गप्प होतात का, रात्री लघवीला किती वेळा उठतात, सकाळी डोकं जड असतं का, बीपीची गोळी आहे का, असं सगळं विचारलं. दात खातात, मी सांगितलं. लग्नाआधीपासून खातात म्हणे, सासूबाईंनी जंताचं औषध कितीदा दिलं होतं. बीपीच्या दोन गोळ्या आहेत, तरी मागच्या वेळी १५०/९६ निघालं. रात्री तीनदा उठतात. आणि मध्येच गप्प होतात म्हणाल तर, हो. घोरणं एकदम बंद होतं, छाती हलत असते पण आवाज नाही. मी अंधारात आकडे मोजते. पंधरा, कधी वीस. मग मोठ्ठा धसका बसल्यासारखा श्वास घेतात आणि कुशीवर होतात. माझी स्वतःची झोप त्या आकड्यांतच जाते.

डॉक्टर म्हणाले, दातांवर रात्री घालायचा नाइटगार्ड मी आत्ता करून देणार नाही, आधी स्लीप स्टडी करून घ्या. छातीच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली. रिपोर्ट आल्यावर गरज पडली तर जबडा पुढे धरणारं उपकरण तोंडात बसवता येतं, तेही बघू म्हणाले.

घरात कुणालाच हे पटलेलं नाही. सासूबाई म्हणतात, "गाढ झोप लागतीय गं त्याला, घोरूदे की." नणंद म्हणते दातवाल्याला झोपेचं काय पडलंय, पैसे काढायचे धंदे. मिस्टर तर ऐकायलाच तयार नाहीत. परवा रात्रपाळीवरून येताना तिसऱ्या रेल्वे गेटजवळ गाडीवर डोळा लागला, खड्ड्यात चाक गेलं म्हणून जागे झाले. हे मला त्यांच्या दोस्ताकडून कळलं. विचारलं तर, "झोपूलालो नव्हतो, नुसते डोळे मिटलेलो."

मला एवढंच विचारायचं आहे. दाताच्या डॉक्टरने झोपेबद्दल सांगणं हे खरंच त्यांच्या कामातलं आहे का? त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून खर्चात पडू का? आणि ते तोंडातलं उपकरण खरंच उपयोगाचं असतं का?

दंतवैद्य_निपाणी

ताई, तपासणी करा. पुढच्या पगारावर, दिवाळीनंतरवर ढकलू नका. गाडीवर डोळा लागलाय, आता थांबण्यासारखं राहिलेलं नाही. तपासणी होईपर्यंत रात्रपाळीहून येताना त्यांना गाडी चालवू देऊ नका, कुणाच्या तरी मागे बसून येऊ दे.

मी निपाणीत १९ वर्षं दाताचा दवाखाना चालवतोय. तुमच्या डॉक्टरांनी जे केलं ते मला सुरुवातीची कितीतरी वर्षं करता आलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्याकडे तंबाखूच्या वखारीत काम करणारे एक गृहस्थ यायचे. पन्नाशीचे, दात असेच झिजलेले. मी त्यांना नाइटगार्ड करून दिला. आठ महिन्यांत चावून फोडला. दुसरा जाड केला, तोही फुटला. तिसऱ्या वेळी माप घेताना त्यांची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "डॉक्टर, दाताचं राहूदे, ह्यांचा श्वास रात्री बंद पडतोय, त्यावर काय औषध हाय काय?" मी माप घेणं थांबवलं. तीन वर्षांत मी त्यांना झोपेबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. तपासणीत तासाला ३८ वेळा श्वास अडकतो असं निघालं. तीन वर्षं मी त्यांच्या दातांवर प्लास्टिक चढवत होतो आणि रोज रात्री त्यांचा श्वास कोंडत होता. ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. आमच्या बीडीएसच्या, म्हणजे दाताच्या डॉक्टरकीच्या शिक्षणाच्या काळात झोपेवर एक तासही शिकवलं गेलं नव्हतं हे खरं आहे, पण त्या बाईंना ते सांगून काय उपयोग होता?

तुमच्या मिस्टरांचं काय होत असावं ते सांगतो. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते. वाट अरुंद झाली की हवा थरथरत जाते, ते घोरणं. वाट पूर्ण मिटली की आवाज बंद. छाती ओढत राहते पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, धसक्यासारखा श्वास येतो आणि पुन्हा तेच. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही, म्हणून तो "मला काय झालंय" म्हणतो. १० सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला तर तो एक झटका धरतात. तुम्ही तर पंधरा-वीस मोजताय. तासाला ५ ते १५ झटके म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. औषधांना न जुमानणारं बीपी, रात्रीची लघवी, सकाळची डोकेदुखी हे सगळं याच्याशी जोडलेलं असू शकतं. सासूबाईंना प्रेमाने सांगा, ही गाढ झोप नाही. रात्रभर झोप मोडतेय.

आता दाताच्या डॉक्टरचा संबंध. तुम्हीच विचार करा, माणसाला आडवं झोपवून, तोंड उघडायला लावून, प्रखर दिव्यात अर्धा अर्धा तास घशाकडे कोण बघतं? आम्ही बघतो. फिजिशियनकडे माणूस बसलेला असतो आणि पाच मिनिटांत उठतो. आमच्या खुर्चीत जिभेचा आकार, टाळूची उंची, टॉन्सिल, मागे गेलेली हनुवटी, तोंडाने श्वास घेऊन कोरड्या पडलेल्या हिरड्या हे सगळं न मागता दिसतं. पडजीभ दिसते की जिभेआड पूर्ण लपते, यावरून चार वर्ग करतात. आंध्रातून अमेरिकेत गेलेले भूलतज्ज्ञ डॉ. मल्लमपाटी यांनी १९८५ साली ती पद्धत मांडली, तेव्हा वर्ग तीनच होते, चौथा नंतर जोडला गेला. भूल देताना नळी घालणं अवघड जाईल का हे ओळखण्यासाठी ती होती, पण चौथ्या वर्गाचा घसा दिसला की मी आता घोरण्याबद्दल विचारतोच. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने २०१७ मध्ये धोरण म्हणून हे मान्य केलं: दंतवैद्याने रुग्णाला झोपेतल्या श्वासाबद्दल विचारावं, शंका आली तर योग्य डॉक्टरकडे पाठवावं. तेव्हा नणंदबाईंना सांगा, हे आमच्या कामातलंच आहे.

एक मात्र स्पष्ट सांगतो. झिजलेले दात म्हणजे ॲप्निया, असं नाही. ताणाने, तंबाखूने, काही मानसिक आजारांच्या गोळ्यांनीही माणसं दात खातात, आणि दात खाणाऱ्या पुष्कळांचा श्वास उत्तम चालतो. जिभेवरचे ठसेही नुसतं लक्षण आहे, पुरावा नव्हे. म्हणून आम्ही शंका घ्यायची, निदान करायचं नाही. निदान तपासणीतून झोपेचं जाणणारा डॉक्टर करतो. तुमच्या डॉक्टरांनी नाइटगार्ड थांबवला हेही बरोबरच केलं. वरच्या दातांवरचा सपाट गार्ड काही ॲप्नियाच्या रुग्णांत त्रास वाढवू शकतो. पैसे काढायचे असते तर गार्ड करून देणं सगळ्यात सोपं होतं. त्यांनी हातचं काम सोडून चिठ्ठी लिहिली.

उपकरणाबद्दल. वरच्या आणि खालच्या दातांवर दोन साचे बसतात आणि खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवतात. जबड्याबरोबर जीभ पुढे येते, मागची वाट मोकळी राहते. तुम्ही शिवणकाम करता म्हणून सांगतो, हे तयार कपड्यासारखं नसतं. दोन्ही जबड्यांचं माप घ्यायचं, माणूस जबडा जास्तीत जास्त किती पुढे नेऊ शकतो ते मोजायचं, साधारण त्याच्या निम्म्यावर सुरुवात करायची आणि मग काही आठवडे स्क्रूने अर्धा अर्धा मिलिमीटर पुढे घ्यायचं. फिटिंगला परत परत यावं लागतं. शेवटी उपकरण तोंडात घालूनच पुन्हा झोपेची तपासणी करायची. नुसतं घोरणं थांबलं म्हणजे श्वास सुधारला असं होत नाही. ही शेवटची तपासणी कुणी टाळत असेल तर तिथे करू नका.

सौम्य आणि मध्यम आजारात याचा चांगला उपयोग होतो. तीव्र असेल तर आधी सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन वाट उघडी ठेवणारं यंत्र. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी ते १९८१ मध्ये मांडलं आणि झटके कमी करण्यात आजही त्याला तोड नाही. पण कित्येकांना मास्क सहन होत नाही. अशांसाठी तोंडातलं उपकरण सुचवावं, असं २०१५ च्या अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. उपकरण ताकदीने कमी, पण लोक ते रात्रभर घालतात, त्यामुळे दिवसाच्या पेंगेत पडणारा फरक पुष्कळदा सारखाच येतो. त्रासही सांगतो. सुरुवातीला लाळ सुटते, सकाळी जबडा दुखतो, दात चावताना नीट जुळत नाहीत. बहुतेकांचं ते नाश्त्यापर्यंत जागेवर येतं. पण वर्षानुवर्षं वापरल्यावर दात थोडे सरकतातच. हे आधी सांगणारा डॉक्टर बरा.

दात मात्र घट्ट हवेत, प्रत्येक जबड्यात आठ-दहा तरी. कवळीवाल्यांना हे जमत नाही. आणि आपल्या भागात एक जास्तीची अडचण आहे, गुटखा. गुटखा-सुपारीने ज्यांचं तोंड दोन बोटंच उघडतं, त्यांचं माप कसं घेणार आणि जबडा पुढे कसा नेणार? माझ्याकडे असे तरुण येतात, पंचविशी-तिशीचे. त्यांना बघून फार वाईट वाटतं.

माझ्याकडे आता प्रत्येक नव्या रुग्णाच्या कागदावर झोपेचे प्रश्न असतात, मराठीत आणि कन्नडमध्ये. कन्नड आज्यांना मी "गोरके होडितारेनु?" (घोरतात का?) म्हणून नवऱ्याबद्दल विचारतो, आणि बोलणं तिथून सुरू होतं. पेंगेसाठी १९९१ सालची आठ प्रश्नांची एक ऑस्ट्रेलियन यादी वापरतात. २४ पैकी १० च्या वर गुण आले तर पेंग जास्त समजायची. त्यात विचारलेलं असतं, वाचत बसल्यावर डुलकी लागते का, टीव्ही बघताना लागते का. बायका म्हणतात, बसायला मिळतं कुठे डॉक्टर. मग त्यांचे गुण कमी येतात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. बायकांचं घोरणं बऱ्याचदा कुणी सांगतही नाही. त्या थकवा, डोकेदुखी, झोप लागत नाही एवढंच बोलतात. त्यामुळे यादीचे गुण कितीही आले तरी मी त्यांना वेगळं विचारतो.

तुम्ही आज एवढं करा. ते झोपले की फोनवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, छाती आणि चेहरा दोन्ही दिसेल असा. आणि तुमच्या टेपने त्यांची मान मोजा. ४० सेंटीमीटरच्या वर असेल तर तीही एक धोक्याची खूण धरतात. दोन्ही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा.

हायवे_संकेश्वर

वहिनी, मी पुणे-बेंगळूर हायवेला २२ वर्षं लॉरी चालवली. मला डॉक्टरांसारखं लिहिता येत नाही, पण झालेलं सांगतो.

तवंदी घाट उतरताना पहाटे चारला माझा डोळा लागला होता. क्लीनरने स्टीअरिंग धरलं म्हणून आज हे लिहितोय. त्याच्या आधी हत्तरगी टोलनाक्यावर रांगेत उभा असताना दोनदा मागच्याने हॉर्न मारून उठवलं होतं. मी समजत होतो ड्रायव्हरला झोप येणारच. चहा, तंबाखू, तोंडावर पाणी, एवढाच उपाय माहीत. कुणी डॉक्टरने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, कारण लायसन जाईल, गाडी जाईल अशी भीती. तुमच्या मिस्टरांना पण तीच भीती असेल बघा, पाळी बंद करतील म्हणून. रागावून बोलू नका.

मला सीपॅप लागलं. पहिला आठवडा मी मास्क काढून फेकत होतो, जीव गुदमरायचा. मग मशीनवाल्याने मास्कचा साइज बदलून दिला, दाब हळूहळू चढेल असं सेटिंग केलं, आणि नाक कोरडं पडतंय म्हणून पाण्याचं भांडं जोडून दिलं. तिसऱ्या आठवड्यात एकदा सकाळी उठलो आणि बायकोला म्हटलं, रात्री मी लघवीला उठलोच नाही. डोकं हलकं. असं किती वर्षांनी झालं होतं आठवत नाही. मशीन तास मोजतं, डॉक्टर ते बघतात, त्यामुळे खोटं बोलता येत नाही. करंट गेला की अडचण होते, आम्ही इन्व्हर्टरला जोडलंय. आता मी दिवसाच्याच फेऱ्या करतो, कोल्हापूर आणि हुबळी, आणि डोळे उघडे असतात.

अनगोळ_८७

मी ऑनलाइन एक रबराचं मागवलेलं, गरम पाण्यात घालून चावायचं आणि तोंडात ठेवायचं. घोरणं कमी झालं असं घरचे म्हणाले. पण दोन महिन्यांनी कानासमोर जबडा कट् कट् वाजायला लागला, भाकरी चावता येईना. आता बंद केलंय. हेच ते उपकरण काय? असेल तर ताई, विचार करून घ्या.

दंतवैद्य_निपाणी

ते हे नव्हे. तुम्ही घेतलं त्यात जबडा किती पुढे न्यायचा याचं माप नसतं, सगळ्यांना एकच. जबड्याचा सांधा दाताच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, आणि तोवर टणक खाणं टाळा. पण माझी खरी काळजी वेगळी आहे. तुमचं घोरणं थांबलं, घरच्यांना बरं वाटलं, आणि श्वास अडकतो की नाही हे कुणीच बघितलं नाही. आवाज गेला की शंकाही जाते. तुम्हालाही तपासणी सांगतो. दारू किंवा झोपेची गोळी घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो.

खानापूर_गुरुजी

विषय निघाला म्हणून विचारतो. मुलगी ७ वर्षांची. झोपेत दात खाते, तोंड उघडं टाकून झोपते, उशी लाळेने ओली. जंताचं औषध तीनदा झालं. वर्गात तिचं लक्ष नसतं, चिडचिड करते, अलीकडे अंथरूण ओलं करायला लागलीय. हेही त्यातलंच म्हणायचं का?

दंतवैद्य_निपाणी

गुरुजी, जंताचं औषध मुलांना इतर कारणांसाठी द्यावंच लागतं, पण दात खाण्याचं खापर जंतांवर फोडण्याइतका पुरावा नाही. लहान मुलं पुष्कळ दात खातात आणि मोठी होता होता थांबतात, नुसतं तेवढंच असतं तर मी काळजी करू नका म्हटलं असतं. पण उघडं तोंड, चिडचिड, आणि सुटलेली सवय परत लागून अंथरूण ओलं होणं, हे सगळं एकत्र आहे. मुलांना ॲप्निया असला की ती मोठ्यांसारखी पेंगत नाहीत, उलट चुळबुळी होतात. शाळेत त्यांच्यावर मस्तीखोर असा शिक्का बसतो. तुम्ही शिक्षक आहात, तुमच्या वर्गातही अशी एखादी दोन मुलं असतील.

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. या वयात टॉन्सिल आणि नाकामागची ॲडेनॉइडची गाठ वाढलेली असणं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे, आणि ती काढल्यावर बरीच मुलं सुधारतात. मग दाताच्या डॉक्टरांनी टाळू बघावी. अरुंद आणि उंच असेल तर वाकडे दात सरळ करणारे डॉक्टर या वयात ती रुंद करू शकतात, हाडं अजून जुळलेली नसतात म्हणून. बेळगावात दोन डेंटल कॉलेजं आहेत, खानापूरहून येऊन एका दिवसात दाखवून होईल. मोठ्यांसारखं जबडा पुढे धरणारं उपकरण मात्र आपल्या मनाने बघायला जाऊ नका.

शिलाई_शहापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय.

मान मोजली. साडेसोळा इंच, म्हणजे जवळजवळ ४२ सेंटीमीटर. त्यांचे शर्ट मीच शिवते. वहीत बघितलं तर चार वर्षांपूर्वी कॉलर पंधराची होती. दर वेळी पाव इंच वाढवत गेले आणि कधी थांबून विचार केला नाही.

व्हिडिओ काढला. तो मी डॉक्टरांच्या आधी त्यांनाच दाखवला. चहा घेत बघत होते. घोरणं थांबलं तिथे त्यांनी फोन कानाजवळ नेला, बिघडला असं वाटलं त्यांना. मग धसका आला. कप खाली ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून बघितला. काही बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, चिठ्ठी कुठं ठेवलीयस.

तपासणी हॉस्पिटलात राहून झाली. डोक्याला तेल लावू नका, दुपारनंतर चहा नको, बीपीच्या गोळ्या चालू ठेवा असं सांगितलं होतं. डोक्याला, छातीला, पायाला वायरी, नाकाशी नळी, बोटाला क्लिप. रात्रपाळीचा आठवडा टाळून तारीख घेतली, तिथल्या बाईंनीच पाळीचं विचारलं. रिपोर्टमध्ये तासाला २४ आलंय, म्हणजे मध्यम. ऑक्सिजन एका वेळी ८१ पर्यंत उतरलेला. छातीच्या डॉक्टरांनी आधी सीपॅप महिनाभर लावून बघा म्हटलंय, बीपीच्या डॉक्टरांनाही रिपोर्ट दाखवायचाय. सहन नाही झालं तर तोंडातलं उपकरण, त्याला त्यांची हरकत नाही. तोवर फौंड्रीतल्या दोस्ताच्या मागे बसून येतात. सासूबाई आता रात्री स्वतः उठून मुलाच्या दाराशी कान देतात, त्यांना झोपा म्हणून सांगावं लागतं.

संकेश्वरच्या भाऊंचं लिहिलेलं मी मिस्टरांना वाचून दाखवलं. मास्कचा साइज बदलून मिळतो हे त्यांनी लक्षात ठेवलंय.

एक शेवटचं विचारते. ती तुटलेली दाढ नुसती भरली आहे, डॉक्टर कॅप बसवू म्हणतात. ती आत्ता बसवू, की उपकरणाचं ठरेपर्यंत थांबू?

दंतवैद्य_निपाणी

कॅप आधी बसवून घ्या. उपकरण दातांच्या मापाला धरून बनतं, नंतर कॅप बसवली तर दाताचा आकार बदलतो आणि उपकरण बसत नाही. बाकी कुठला दात भरायचा असेल, हिरड्या साफ करायच्या असतील, तेही आत्ताच. आणि रिपोर्टची एक प्रत तुमच्या दाताच्या डॉक्टरांना नेऊन द्या. त्यांनी चिठ्ठी लिहिली होती, पुढे काय झालं ते त्यांना कळू दे.